तीनदा थांबूनही पहिला

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते फॉर्म्युला वनच्या ग्रां प्री रेसबद्दल, आणि त्यातही पिट स्टॉपबद्दल. आपल्या गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत फुटबॉलचे दर्दी घरोघरी आहेत, ऑफसाइड कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण रविवारी संध्याकाळी साडेसहाला युरोपातली रेस लागली की त्याच घरातून प्रश्न येतो, अरे ती गाडी पहिली होती ना, मग आता एकदम सातवी कशी झाली, कुणी मागे टाकली तिला?

कुणीच नाही टाकली. ती टायर बदलायला आत, म्हणजे ट्रॅकच्या बाजूच्या पिटमध्ये गेली. तोच पिट स्टॉप.

आता टायर बदलायला वेळ किती लागतो, तर दोन सेकंद, अडीच सेकंद. मॅक्लारेनच्या टीमने २०२३ मध्ये कतारला लँडो नॉरिसच्या गाडीची चारही चाकं १.८० सेकंदात बदलली होती. पण नीट ऐका हं, कारण सगळं गणित इथंच आहे. गाडी उभी राहते दोन सेकंद, पण तिचे जातात वीस-बावीस सेकंद. कारण पिट लेनमध्ये, म्हणजे पिटसमोरच्या रस्त्यावर, बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते, आणि तेवढ्या वेळात बाहेर ट्रॅकवर बाकीच्या गाड्या सरळ रस्त्याला ३०० च्या वेगाने जात असतात. परत एकदा सांगतो, उभी दोन सेकंद, खर्च वीस-बावीस सेकंद. ट्रॅकप्रमाणे आकडा थोडा कमीजास्त होतो पण हिशोब हाच.

आणि ही चाकं बदलणारी माणसं, त्यांच्याबद्दल मला बोलल्याशिवाय राहवत नाही. एका चाकाला तिघं, एक गन धरून नट सोडवतो आणि परत आवळतो, एक जुनं चाक ओढून काढतो, एक नवं बसवतो, वर पुढचा जॅकवाला, मागचा जॅकवाला, मिळून वीसेक माणसं, आणि पोडियमवर शॅम्पेन उडवताना यातल्या कुणाचं नावसुद्धा ऐकू येत नाही. माझं स्पष्ट मत आहे, रेस जिंकली की त्या दिवशीच्या पिटमधल्या माणसांची नावं मोठ्याने वाचून दाखवायला पाहिजेत. आपल्याकडे फोंड्यात, म्हापशात गॅरेजवर काम करणाऱ्या पोरांनाही तेवढाच मान पाहिजे. तो पोरगा तुम्हाला सांगतो की टायर गुळगुळीत झालाय, बदला, आणि आपण म्हणतो चालेल रे अजून एक पावसाळा, आणि त्याच टायरवर बायको-मुलाला मागे बसवून धो धो पावसात झुआरी पूल ओलांडतो. अहो, रेसमध्ये पाऊस आला की जगातले सगळ्यात भारी ड्रायव्हरसुद्धा आधी आत येऊन हिरव्या नाहीतर निळ्या पट्टीचे, खाचा असलेले टायर लावून घेतात. तेवढं तरी त्यांच्याकडून शिका.

बरं, विषयावर येतो. कोरड्या रेसमध्ये कमीतकमी दोन प्रकारचे टायर वापरावेच लागतात, म्हणजे एकदा तरी थांबणं आलंच. लाल पट्टीचा सॉफ्ट, तो जोरात पळतो पण लवकर संपतो, पांढऱ्या पट्टीचा हार्ड, तो टिकतो, मधला पिवळा. थांबायचं कधी, एवढाच प्रश्न. पुढच्याच्या आधी आत जाऊन नव्या टायरवर दोन लॅप, म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या, जीव तोडून मारायचे आणि तो थांबून बाहेर येईपर्यंत त्याच्या पुढे जायचं, याला अंडरकट म्हणतात. उलट जुन्याच टायरवर बाहेर राहून पुढे निघायचं, तो ओव्हरकट. झालं, एवढं कळलं की पुरे.

आता मला जी रेस सांगायचीय ती सांगतो. हंगेरी, १६ ऑगस्ट १९९८.

रविवार होता, चवथ जवळ आलेली, बाहेर पाऊस. आमच्या वाड्यावर एक गॅरेज होतं, त्या काकांकडे छोटा टीव्ही आणि केबल, आणि आम्ही पोरं रेस बघायला तिथं जमायचो. काकांची एक सवय होती, ते रेस बघताना खडूने शटरवर आकडे लिहायचे. कोण पहिला ते लिहायचे नाहीत, पहिल्या-दुसऱ्यात अंतर किती सेकंदांचं ते लिहायचे. आम्हाला वाटायचं हे काय करतात.

बुडापेस्टजवळचा तो हंगारोरिंग ट्रॅक बघितलाय का तुम्ही? अरुंद, नुसती वळणं, चोर्ला घाटात ट्रकच्या मागे अडकल्यावर जसं होतं तसं, तुमच्या गाडीत दम कितीही असो, पुढच्याला ओलांडायला जागाच नाही. त्या दिवशी पुढे दोन्ही मॅक्लारेन, पहिला मिका हक्किनेन, दुसरा डेव्हिड कूल्टहार्ड, आणि तिसरा फेरारीतला मायकल शूमाकर. चॅम्पियनशिपमध्ये हक्किनेन १६ पॉइंटांनी पुढे होता. तेव्हा जिंकणाऱ्याला १० पॉइंट मिळायचे, त्यामुळे १६ म्हणजे केवढे ते बघा. रेस ७७ लॅपची. तेव्हा पिटमध्ये पेट्रोलही भरायचे, आणि हे लक्षात ठेवा, कारण गोष्ट यावरच आहे. कमी पेट्रोल म्हणजे हलकी गाडी, हलकी गाडी म्हणजे जलद लॅप, पण मग थांबायचं जास्त वेळा. कमी पेट्रोल, जलद लॅप, जास्त स्टॉप.

मॅक्लारेनचा प्लॅन दोन स्टॉपचा. शूमाकरही आधी तेच करणार होता. पहिला स्टॉप झाला आणि तो विल्यम्स टीमच्या एका गाडीमागे अडकला, काही केल्या पुढे जाता येईना. तेव्हा फेरारीचा डोकेबाज माणूस, रॉस ब्रॉन, त्याने ठरवलं की मागे बसून तिसरं येण्यात अर्थ नाही, आपण तीनदा थांबू. म्हणजे जिथं एकेका स्टॉपला वीस-बावीस सेकंद जातात तिथं हा माणूस एक स्टॉप वाढवून घेतोय! आमच्यातला एकजण ओरडलाच, संपली रेस, परत आत कशाला आला हा? काका काहीच बोलले नाहीत, खडू घेऊन उभे राहिले.

४३ व्या लॅपला शूमाकर दुसऱ्यांदा आत आला, थोडंसंच पेट्रोल घेतलं आणि पटकन सुटला. पुढच्याच लॅपला कूल्टहार्ड आत, बाहेर आला तो शूमाकरच्या मागे. मग हक्किनेन आत गेला, तोही मागे. म्हणजे ट्रॅकवर एकालाही ओलांडलं नाही आणि तिसरा होता तो पहिला झाला. पण खरी परीक्षा पुढेच होती, कारण मॅक्लारेनवाल्यांचे स्टॉप संपलेले आणि ह्याचा अजून एक बाकी. ब्रॉनने रेडिओवर त्याला सांगितलं की १९ लॅप आहेत, तेवढ्यात २५ सेकंदांची आघाडी काढ. तुम्ही विचार करा, १९ लॅपमध्ये २५ सेकंद, म्हणजे प्रत्येक लॅपला सव्वा सेकंदाहून जास्त, आणि तेही मॅक्लारेनपेक्षा, जी त्या वर्षीची सगळ्यात जलद गाडी होती.

आणि त्या माणसाने ते काढले. रेसमध्ये कोण कुठल्या नंबरावरून निघणार ते ठरवणारा क्वालिफाइंगचा लॅप असतो ना, एकच लॅप पण सगळं पणाला लावून मारलेला, तसे लॅपमागून लॅप मारत सुटला. मध्येच एकदा शेवटच्या वळणावर गाडी गवतात गेली, आम्हा पोरांचा श्वासच अडकला, काही सेकंद हातचे गेले, तो परत ट्रॅकवर आला आणि पुन्हा तसाच. तिकडे मागे हक्किनेनच्या गाडीत बिघाड झालेला, ती वळणं नीट घेईना, आणि कूल्टहार्ड त्याच्याच मागे अडकलेला. मॅक्लारेनने कूल्टहार्डला पुढे सोडलं, पण तोवर जो वेळ जायचा तो गेला होता. इकडे शटरवर आकडे वाढत चाललेले. दहा, मग पंधरा, मग वीस. आता टीव्हीपेक्षा आम्ही शटरच जास्त बघत होतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला कळलं की काका इतके दिवस काय लिहीत होते.

६२ व्या लॅपला तो तिसऱ्यांदा आत आला. पेट्रोल, टायर, सुटला. पिट लेनच्या तोंडाशी सगळ्यांचे डोळे. आणि बाहेर आला तो कूल्टहार्डच्या पुढे! गॅरेजमध्ये जो आरडाओरडा झाला तो रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू गेला असेल. शेवटी शूमाकर पहिला, कूल्टहार्ड नऊ सेकंदांहून जास्त मागे दुसरा, जॅक व्हिलनव्ह तिसरा, आणि पोलवरून, म्हणजे सगळ्यात पुढच्या जागेवरून निघालेला हक्किनेन सहावा, एक लॅप मागे. १६ पॉइंटांची आघाडी सातवर आली. वर्षाच्या शेवटी जपानला चॅम्पियन हक्किनेनच झाला, ते त्याने कमावलंच होतं, पण हंगेरीची ती रेस फेरारीने डोक्याने काढली आणि शूमाकरने पायाने, असं काका म्हणायचे आणि मी आजही तसंच म्हणतो.

आता पेट्रोल भरणं २०१० पासून बंद आहे, आणि ते बंदच राहिलेलं बरं. आगीचा धोका होता, आणि पेट्रोलच्या जोडलेल्या पाइपसकट गाडी सुटण्याचे प्रकारही झालेत. सगळा खेळ आता टायरवर आलाय. पण हिशोब तोच, एक स्टॉप म्हणजे वीस-बावीस सेकंद.

त्यामुळे आता उलटंही घडतं, कमी थांबून जिंकायचं. २०२४ च्या जुलैमध्ये बेल्जियमला, स्पा ट्रॅकवर, ४४ लॅपची रेस. पुढचे सगळे दोनदा थांबले. मर्सिडीजचा जॉर्ज रसेल सहाव्या नंबरावरून निघाला, दहाव्या लॅपला थांबला आणि मग त्यानेच रेडिओवर विचारलं की एका स्टॉपवर नेऊया का. तेच हार्ड टायर त्याने ३४ लॅप चालवले, मागून त्याचाच जोडीदार लुईस हॅमिल्टन नव्या टायरवर धावत येतोय, आणि रसेल जेमतेम अर्ध्या सेकंदाने जिंकला. ट्रॉफी घेतली, राष्ट्रगीत झालं. नंतर गाडी वजनाला लावली. तेव्हा कमीतकमी वजन लागायचं ७९८ किलो, भरलं ७९६.५. दीड किलो कमी! रसेल बाद, हॅमिल्टन पहिला, ऑस्कर पिआस्त्री दुसरा, शार्ल लेक्लेर्क तिसरा. एवढे लॅप चाललेल्या टायरांचं रबर झिजलं, त्याचंही वजन गेलं असेल, असं तेव्हा बोललं गेलं.

माझ्या मते बाद करणं बरोबरच होतं. काटा सगळ्यांना एकच पाहिजे, त्यात दीड किलो आणि पंधरा किलो असा भेद करून चालत नाही. पण ३४ लॅप टायर सांभाळत, मागच्याला जागा न देता गाडी कशी आणायची, ते कुणाला शिकायचं असेल तर ती रेस शेवटपर्यंत बघा, आणि बघताना कोण पहिला हे बाजूला ठेवून अंतराचा आकडा बघा. नमस्कार.