चिठ्ठी टाकून बघा

श्रोतेहो, नमस्कार. वाळूज एमआयडीसीत मी बावीस वर्षं सुपरवायझर होतो. एका ऑगस्टमध्ये आमच्या शॉपमधल्या दहा ऑपरेटरांना चार दिवसांचं ट्रेनिंग दिलं. ऑक्टोबरात त्यांचं उत्पादन वाढलेलं दिसलं आणि साहेबांनी पेढे वाटले. माझ्या मनाला काही ते पटेना. दसरा-दिवाळीला लोक दुचाक्या घेतात, आमच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी वाढतात, ओव्हरटाइम लागतो. ट्रेनिंगला न गेलेल्यांचं उत्पादन किती वाढलं, ते कुणी पाहिलंच नव्हतं.

आणखी एक गोम निवडीत असते. कधी आपण हुशार पोरं पाठवतो, ती तशीही पुढे जाणारच. कधी ज्याचं काम नुकतंच बिघडलंय त्याला पाठवतो. गंगापूरकडचं एक पोरगं असंच गेलं. आईच्या आजारपणात रात्री दवाखान्यात जायच्या, पाळीत डोळा लागायचा, रिजेक्शनची लाल पेटी त्याच्याच बुशांनी (बुश म्हणजे धातूच्या छोट्या नळीसारखा सुटा भाग) भरायची. आई घरी आली आणि पेटी रिकामी राहू लागली. नाव झालं ट्रेनिंगचं. अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या आकड्यांवरून हेच दाखवलं, की प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई बऱ्याचदा त्याच्या आधीच घसरलेली असते.

मग खरं कळायचं कसं? जागा वीस आणि इच्छुक चाळीस असतील, तर जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या देखत डब्यातून चिठ्ठ्या काढा. उरलेल्यांना पुढची बॅच द्या. तोवर दोन्ही गटांचे पाळीगणिक नग मोजा. नुसते नग नाही, चांगले नग. घाईत काढलेला, गेजला, म्हणजे माप तपासायच्या साधनाला, न बसणारा बुश भंगारातच जातो.

बेंगळुरूच्या कपडा कारखान्यांत असंच झालं. चिठ्ठीने निवडलेल्या कामगार बायकांना बोलणं-वागणं, वेळेचं नियोजन शिकवलं. त्यांचं उत्पादन वाढलं, सोबत काम करणाऱ्यांचंही वाढलं. (म्हणून एकाच लाइनीतल्या दोघांची तुलना करू नका, शेजारीही बघून शिकतो.) पगार मात्र जेमतेम हलला.

हे मला फार लागतं. आमची कंत्राटी पोरं पैठणहून, कन्नडहून येतात, जीव लावून शिकतात, आणि महिन्याच्या शेवटी हातात तेवढेच पैसे. मालक मंडळींना माझी विनंती आहे, त्या मोजणीच्या तक्त्यात पगाराचाही एक रकाना ठेवा, आणि तक्ता गेटजवळच्या बोर्डावर लावा.