आरसा आधी, इंडिकेटर मग

(लघु माहितीपटाचे निवेदन)

[पहाट. चूल. परातीत भाकरी थापणारे हात.]

पहाटेचे साडेपाच. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट सुरू झालाय, या घरात भाकरीची थापथाप. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि मंद आचेवर पापडासारखी होईपर्यंत ठेवायची. शेजारी उखळात शेंगाचटणी, तेल सुटेपर्यंत कुटलेली. दुकानांत जाणारी पाकिटं आठच्या आत निघावी लागतात.

[दारातली पांढरी व्हॅन. टपावर मांजर.]

ही व्हॅन सेकंडहँड. घेऊन सहा महिने झाले. पण चालवणार कोण? भाचा मोकळा असला तर भाचा. नाहीतर पाकिटं रिक्षात आणि व्हॅन मांजरीला.

मग या घरातल्या ताईंनीच गाडी शिकायचं ठरवलं. वय त्रेचाळीस.

[पुठ्ठा, ब्लाउजच्या मापाची टेप, लाल चिकटपट्टी.]

हे काय चाललंय, ओळखलंत? एलची पाटी. पांढऱ्या चौकोनावर लाल एल, पुढे एक आणि मागे एक. नियमात तिचं मापही आहे. चौकोन निदान १८ सेंटीमीटरचा, अक्षर निदान १० सेंटीमीटर उंच. बाजारात स्टिकर दहा-वीस रुपयांत मिळतो, पण ताईंनी पाकिटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, वर पांढरा कागद डकवला आणि टेप लावून माप घेतलं. पहिला एल वाकडा झाला. उचकटून पुन्हा चिकटवला.

लर्निंग लायसन्सची परीक्षा महाराष्ट्रात २०२१ पासून आधार कार्डावर घरबसल्या देता येते. घरबसल्या म्हटलं की खुर्चीत नेमकं कोण बसलं होतं, हा प्रश्न उरतोच. इथं ताईच बसल्या होत्या. चाळिशी ओलांडलेली, म्हणून डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-ए जोडला. लर्निंग हातात आल्यावर पक्क्या लायसन्सची टेस्ट निदान ३० दिवसांनी देता येते, आणि लर्निंग चालतं सहा महिने. अनेकांचे हे ३० दिवस नुसते वाट बघण्यात जातात. ताईंचे कसे गेले, ते बघा.

[जुळे सोलापूर. मोकळा प्लॉट. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी गचके खात चाललीय.]

पहिला आठवडा, फक्त क्लच.

क्लच म्हणजे दोन तबकड्यांची गाठ. एक इंजिनाबरोबर फिरते, दुसरी ते फिरणं गिअरबॉक्सकडे नेते. पेडल दाबलं की त्या सुटतात, सोडलं की चिकटतात. अधल्यामधल्या जागी त्या नुसत्या घासतात, त्यालाच सगळे हाफ क्लच म्हणतात. ही जागा डोळ्यांना दिसत नाही. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलतं, स्टिअरिंगवरच्या बोटांना थरथर लागते. पाय तिथंच धरायचा. घाई केली की गचका, आणि गाडी बंद.

ताई म्हणतात, “भाकरी उलटायच्या आधी कडा सुटते बघा. तसंच आहे की हे.”

शिकवणारे सर हसले. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बायकांना ते हेच सांगायला लागले.

[आसरा पूल. चढावर गाड्यांची रांग. हँडब्रेकवरचा हात.]

दुसरा आठवडा, आसरा पूल. चढावर थांबायचं आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. हँडब्रेक ओढलेला. क्लच थरथरीच्या जागी. ॲक्सिलरेटर जरासा. बॉनेट उचललं की मग हँडब्रेक सोडायचा, आधी नाही. मागच्या रिक्षाचा हॉर्न चालूच असतो. त्या हॉर्नला उत्तर द्यायचं नाही, हेही शिकावंच लागतं.

[गाडीच्या आतून. मधल्या आरशात रस्ता.]

आता हा आरसा जरा वेळ बघा.

सरांची एक अट आहे. इंडिकेटरला हात लावायच्या आधी कोणता आरसा पाहिला ते मोठ्यानं सांगायचं. “मधला. उजवा. इंडिकेटर.” केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. त्यातला पंधरावा नियम टेस्टमध्ये काय काय बघायचं ते सांगतो, आणि क्रम त्यातही हाच आहे: इशारा देण्याआधी आरसा. रस्त्यावर मात्र आधी गाडी वळते, मग इंडिकेटर लागतो, आणि आरसा असतो भांग पाडायला.

[आरशात उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या.]

हा ऊस कारखान्याला चाललाय. दोन ट्रॉल्या आहेत, हे लक्षात ठेवायचं. ट्रॅक्टर वळण मोठं घेतो, पण दुसरी ट्रॉली वळणाच्या आतल्या बाजूला ओढली जाते. ट्रॅक्टर गेला म्हणून त्या फटीत गाडी घातलीत तर ट्रॉली तुमच्या दारावर. टेस्टच्या ट्रॅकवर ट्रॅक्टर नसतो. म्हणून सर ताईंना मुद्दाम विजापूर रोडला घेऊन गेले, तेही हंगामात, संध्याकाळी सहाला.

[आरटीओ. फाटक. फायली छातीशी धरलेली माणसं.]

टेस्टचा दिवस. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर वेळ घेतलेली. फी प्रत्येक प्रकारच्या वाहनाला ३०० रुपये. बरोबर लर्निंगची प्रत, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी. गाडी आपली आपण न्यायची. पीयूसीची तारीख आदल्या रात्रीच तपासा. ऐकायला फालतू वाटलं तरी.

[दुचाकीवरची पोरं. आठचा आकडा.]

आठ काढताना पाय टेकवायचा नाही. हा पोरगा बघा, नजर पुढच्या चाकावर. गेला पाय खाली. ही मुलगी मान वळवून पुढच्या वळणाकडे बघतेय. गाडी नजरेमागं जाते. संपलं पण तिचं.

कॅमेरा फाटकाबाहेर थांबला. पुढचं जाळीतून.

[जाळी. लांबवर पांढरी गाडी.]

गाडीत बसल्यावर काय करायचं? सीट पुढे घ्या, आरसे लावा, बेल्ट लावा, गिअर न्यूट्रलला आहे का ते हलवून बघा, मग किल्ली. घाई कोणालाच नसते, आपल्यालाच असते. मोटार वाहन निरीक्षक फार बोलत नाहीत. चला. थांबा. रिव्हर्स घ्या. त्यांच्या गप्प राहण्याला नापास समजू नका. हाताचे इशारे विचारतील, तेव्हा काच आधीच खाली असू द्या. रिव्हर्स घेताना क्लचवरच चालवा, आणि आरशावर विसंबून न राहता मान मागे वळवा. गाडी बंद पडली तर लगेच किल्ली फिरवू नका. ब्रेक, क्लच, न्यूट्रल, मग किल्ली.

ताईंची ही दुसरी खेप. पहिल्या वेळी चढावर गाडी हातभर मागे आली. त्या दिवशी आम्ही नव्हतो. नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालं तर ६० दिवस थांबावं लागतं.

[गाडी चढावर थांबते. तीन सेकंद. पुढे निघते.]

[ताई फाटकातून बाहेर. आवाज नाही.]

लायसन्स पोस्टानं घरी आलं. एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं, दहा वर्षांचं. व्हॅन मालवाहू असली तरी ७,५०० किलोच्या आतल्या गाडीला हेच लायसन्स पुरतं, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

[सकाळ. पाकिटांनी भरलेली व्हॅन गल्लीतून निघते. मागच्या काचेवर पुठ्ठ्याचा एल.]

एलची पाटी आता कायद्यानं लागत नाही. सरांनी दोनदा सांगून झालं, काढा म्हणून.

“असू दे की,” ताई म्हणतात. “मागचे जरा लांब राहायलेत.”