काळ्या रानातील बेडकांचा शोध

मराठवाड्यात सॅलमँडर, म्हणजे सरड्यासारखा दिसणारा बेडकाचा शेपटीवाला नातेवाईक, नाही. भारतात तो फक्त पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत आढळतो. मध्य अमेरिकेच्या पावसाळी जंगलात अभ्यासक त्याला शेवाळाखाली, पालापाचोळ्यात आणि झाडांवर वाढणाऱ्या ब्रोमेलियाड वनस्पतींच्या पानांत हुडकतात, कारण तो बेडकासारखी साद घालत नाही. तिथल्या सॅलमँडरना फुप्फुसे नसतात, श्वास त्वचेतून चालतो आणि ती त्वचा ओली राहावी लागते, म्हणून जिथे ओल टिकते तिथेच त्याचा माग लागतो.

बीड, धाराशिव, लातूरकडच्या काळ्या रानात ओल चार महिन्यांचीच. इथला शोध कानाने सुरू होतो.

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की त्याच रात्री पाझर तलावाच्या काठी आणि बांधालगतच्या डबक्यांत नरांची साद सुरू होते. जवळ गेले की आवाज थांबतो. अशा वेळी बॅटरी विझवून उभे राहावे आणि साद पुन्हा सुरू झाली की दोघांनी दोन बाजूंनी आवाजाची दिशा धरावी. दोन्ही रेषा जिथे मिळतात तिथे बेडूक असतो. बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरली, तर काठावरच्या बेडकांचे डोळे दुरूनच चमकतात.

सर्वात मोठा आवाज ज्याचा वाटतो, तो पुष्कळदा सर्वात लहान निघतो. बैलाच्या खुराच्या ठशात साचलेल्या पाण्याशी बसलेला मायक्रोहायला हा बेडूक जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असतो; तोंड निमुळते, पाठीवर गडद तपकिरी नक्षी आणि साद घालताना हनुवटीखाली फुगणारी पिशवी. शेजारच्या डबक्यात भारतीय बुलफ्रॉगचे नर विणीच्या दिवसांपुरते लिंबासारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या दिसतात. याच बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने 1987 मध्ये बंद केली. पाऊस लांबला की मुसळाला बेडूक बांधून धोंडी काढण्याची रीत याच मुलखातली. बेडकाच्या दृष्टीने तीही काही सुखाची नव्हे.

बेडकाची त्वचाही पाणी आणि वायू शोषते. त्यामुळे डासांचे मलम चोळलेल्या हाताने त्याला उचलू नये. एका डबक्यातून दुसऱ्याकडे जाताना बूट घासून, निर्जंतुक करून वाळवावेत, कारण 1999 मध्ये शास्त्रीय वर्णन झालेल्या कायट्रिड बुरशीने मध्य अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील अनेक जाती संपवल्या आहेत. उलटलेला दगड होता तसा ठेवावा. बूट गुडघ्यापर्यंतचेच हवेत, बेडकांच्या मागे नागही येतो.

दिवाळीनंतर डबकी आटतात आणि मागच्या पायाच्या फावड्यासारख्या उंचवट्याने माती उकरत बिळबेडूक उलट्या चालीने जमिनीत उतरतो. विहिरीतला, पाण्यावर तरंगणारा बेडूक तेवढा दिसत राहतो. उरलेल्यांचा पत्ता त्या दिवसांत नांगरट करणाऱ्या शेतकऱ्याला विचारावा, कारण ढेकळाबरोबर वर आलेला बेडूक आधी त्याच्याच नजरेस पडतो.