इनपुट-आउटपुट टेबलमधला आकडा नेमका येतो कुठून?

[हातात छापील टेबल. एका चौकोनावर बोट.]

हे इनपुट-आउटपुट टेबल, म्हणजे देशात कोणता माल कुणी किती रकमेचा वापरला, याचा तक्ता. त्यातला हा एक चौकोन बघा. डावीकडे ओळीचं नाव आहे ‘गोंद आणि चिकटवण्याचे पदार्थ’, वर रकान्याचं नाव आहे ‘फर्निचर’. म्हणजे अख्ख्या देशातल्या फर्निचर उद्योगाने वर्षभरात एवढ्या रकमेचा गोंद वापरला. बरं, पण हे मोजलं कुणी? कारखान्या-कारखान्यात जाऊन गोंदाचे डबे तर कुणी मोजले नसणार!

टेबल वाचायचं कसं, ते एका दमात सांगते. आडवं वाचलं की माल कुणाकुणाकडे गेला ते कळतं. उभं वाचलं की एखाद्या उद्योगाने काय काय घेतलं ते कळतं, आणि त्याच्याखाली पगार, कर, नफा. झालं.

अर्थतज्ज्ञ वासिली लिओन्टिएफ यांनी १९३६ साली अमेरिकेचं असं टेबल छापलं, १९१९ या वर्षाचं. पुढे १९७३ मध्ये त्यांना याच कामासाठी नोबेल मिळालं. त्यांनी या कामासाठी वेगळी मोजणी केली नव्हती. सरकारी गणनेचे जे आकडे छापून पडले होते, तेच त्यांनी एकमेकांसमोर उभे केले. आजही पद्धत तीच. दुसऱ्याच कामासाठी गोळा झालेली माहिती आणायची आणि या चौकटीत बसवायची.

मुख्य पुरवठा होतो उद्योगांच्या गणनेतून आणि वार्षिक पाहण्यांमधून. अमेरिकेत आर्थिक गणना दर ५ वर्षांनी होते, २ आणि ७ ने संपणाऱ्या वर्षांसाठी. आता असा फॉर्म भरणाऱ्या फर्निचर कारखान्याच्या हिशेबनिसाकडे जाऊ. पहिला प्रश्न, काय विकलं? हे तो धडाधड सांगतो. खुर्च्या एवढ्या, कपाटं एवढी, बिलं हजर. दुसरा प्रश्न, काय विकत घेतलं? इथे गाडी अडते. लाकडाचं खातं वेगळं आहे, विजेचं वेगळं आहे. पण गोंद? तो बसलाय स्क्रू, सँडपेपर आणि पॉलिशच्या शेजारी, ‘किरकोळ साहित्य’ नावाच्या खात्यात. हिशेबनिसाला तरी कशाला बोल लावायचा? त्याला ताळेबंद जुळवायचा असतो, अर्थतज्ज्ञांची सोय बघायची नसते.

त्यामुळे होतं असं, की विक्रीची बाजू भक्कम आणि खरेदीची बाजू लंगडी. खरेदीचा तपशील खणून काढणारी पाहणी महागडी, म्हणून ती क्वचित होते. मधल्या वर्षांत जुनंच प्रमाण पुढे ओढतात: तेव्हा १०० रुपयांच्या फर्निचरमागे २ रुपयांचा गोंद लागला होता ना, मग आताही २ धरा. (हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत.)

कुटुंबांचा खर्च येतो घरगुती खर्चाच्या पाहणीतून. तिची एक गंमत सांगते. दारू आणि तंबाखूवर किती खर्च केला, हे विचारलं की माणसं आकडा हमखास कमी सांगतात. सांख्यिकी खात्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ती लोकांच्या उत्तरावर विसंबत नाहीत, करवसुलीच्या नोंदी बघतात आणि विक्रीवरून उलटा हिशेब मांडतात. लोक लाजले तरी कर लाजत नाही.

सरकारी खर्च अर्थसंकल्पाच्या हिशेबातून मिळतो, त्यात फारसं नाट्य नाही.

नाट्य आहे आयातीत. कस्टम्सच्या नोंदी म्हणजे या धंद्यातलं सोनं. कोणता माल, किती, कितीला, कुठून, सगळं लिहिलेलं असतं. फक्त एकच गोष्ट नसते: देशात आल्यावर तो माल वापरला कुणी. आयात केलेलं पोलाद व्यापाऱ्याच्या गोदामात उतरलं, पुढे ते मोटारीत गेलं की पुलात, याची नोंद कस्टम्सला नको असते. मग सरसकट एक गृहीतक लावतात. देशात वापरल्या गेलेल्या पोलादात ३० टक्के आयात असेल, तर पोलाद वापरणाऱ्या प्रत्येक उद्योगाच्या वाट्याला ३० टक्केच आयात. मोटारवाले जवळजवळ सगळं बाहेरचं आणि पूलवाले सगळं देशी वापरत असले, तरी टेबलात दोघे सारखेच! ‘अमुक उद्योग आयातीवर इतका अवलंबून’ असा मथळा वाचाल, तेव्हा हे आठवा. मला विचाराल तर अख्ख्या टेबलातली सगळ्यात कच्ची जागा हीच.

किमतीचाही घोळ आहे. घेणारा सांगतो ती किंमत दुकानातली. तिच्यात वाहतूक, व्यापाऱ्याचा नफा आणि कर मिसळलेले असतात. कारखाना सांगतो ती त्याच्या दारातली. दोन्ही एका पातळीवर आणायला मधला थर सोलून काढावा लागतो, वाहतुकीचा भाग वाहतुकीच्या ओळीत आणि व्यापाराचा व्यापाराच्या ओळीत टाकावा लागतो. हे चोख झालं नाही तर पुढचं काहीच जुळत नाही.

आणि तसंही ते जुळत नाहीच. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले आकडे एकत्र मांडले, की एखाद्या वस्तूचा पुरवठा निघतो १०० आणि वापर ८०.

[फळ्यावर छोटं टेबल.]

आधी जाणकार माणसं बसून ठरवतात की कोणता स्रोत जास्त विश्वासाचा. उरलेली फट गणिताने बुजवतात. ८० ची ओळ १०० करायची, तर तिच्यातला प्रत्येक आकडा १.२५ ने गुणा. ओळी जुळल्या, पण आता रकाने बिघडले. मग रकाने गुणा. पुन्हा ओळी, पुन्हा रकाने, दोन्हीकडच्या बेरजा बसेपर्यंत. या पद्धतीचं नाव आरएएस. १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये अर्थतज्ज्ञ रिचर्ड स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली.

आता आपल्या गोंदाच्या चौकोनाकडे परत या. जुन्या पाहणीतलं प्रमाण, त्याला गुणिले यंदाचं फर्निचरचं उत्पादन, त्यातून वजा वाहतूक आणि व्यापाराचा थर, आणि मग आरएएसच्या गिरणीतून काही फेऱ्या. शेवटी जे पडलं ते छापलं, तेही शेजारच्या लाकडाच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरात.

टेबलासोबत पद्धतीचं एक टिपण येतं, बहुतेक जण ते उघडतही नाहीत. तुम्ही उघडा. तुमच्या उद्योगाचा खरेदीचा रकाना कोणत्या सालच्या पाहणीवर उभा आहे, ते आधी बघा.