एक बाटली लावाच!

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा लागला की आमच्या दवाखान्यात सलाईनची मागणी रोज कानावर येते, "डॉक्टर, एक बाटली लावाच." गेल्या आठवड्यात एक आजी सुनेला घेऊन आल्या. भातलावणी करून सून पार थकलेली. ताप नाही, उलटी नाही, खाणंपिणं सुरू. पण आजींचं एकच, "अंगात ताकदच नाही हो तिच्या!"

मी सलाईनची बाटली आजींच्या हातात दिली आणि आत काय असतं ते सांगितलं. अर्ध्या लिटरमध्ये मीठ ४.५ ग्रॅम, एक चमचासुद्धा नाही. बाकी सगळं पाणी. ग्लुकोजची बाटली घेतली तर साखर २५ ग्रॅम, म्हणजे १०० कॅलरी. घरच्या एका भाकरीत याहून जास्त ताकद असते. आणि त्या मिठाच्या पाण्यापायी मागे काय उरतं? प्लास्टिकची बाटली, नळी, सुई, कापूस. सुई पांढऱ्या डब्यात, नळी लाल पिशवीत, मग गाडी येणार, दूरवर नेऊन त्याची विल्हेवाट लावणार. शिवाय पेशंटचे पैसे गेले ते गेलेच.

सलाईन वाईट नाही. उलटी थांबत नसेल, पेशंट गुंगीत असेल, रक्तदाब घसरला असेल, तर तीच बाटली जीव वाचवते. म्हणून तर ती जपून वापरायची. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी म्हणजे कॉलरा पसरला आणि सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हातून पेशंटना पाजलं. आधी शंभरात वीस-तीस जण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. जुलाबात आज आपण ओआरएस देतो, त्यामागे हा अनुभव आहे.

त्या सुनेची खालची पापणी मी ओढून पाहिली. आतून पांढुरकी. तपासलं, तर रक्त कमी निघालं. बाटली लावून घरी पाठवली असती, तर हे तसंच राहिलं असतं, याची मला फार टोचणी लागते. कारण अशा किती जणींना आपण नुसती बाटली लावून परत पाठवत असू! तिला हव्या होत्या लोहाच्या गोळ्या, आणि त्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात.

आजींनी बाटली टेबलावर ठेवली. "गोळी चहाबरोबर दिली तर चालेल का?"

नाही आजी, चहाबरोबर नको. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर द्या.