छतावरची वीज आणि बिलातले आकडे

[दृश्य: भर दुपार. छतावरची पॅनेल. कॅमेरा वायरच्या मागोमाग खाली येतो आणि मीटरच्या पेटीसमोर थांबतो.]

सोलर पॅनेल बसवून महिना झाला. मोबाइलमधलं ॲप सांगतंय, या महिन्यात छतावर ३६० युनिट वीज तयार झाली. मग बिल येतं, आणि त्यात ३६० हा आकडा कुठेच सापडत नाही. आयातीच्या, म्हणजे बाहेरून घेतलेल्या विजेच्या रकान्यात २१० आहेत, निर्यातीच्या, म्हणजे बाहेर दिलेल्या विजेच्या रकान्यात २४०. मग उरलेली १२० युनिट गेली कुठे? मीटर चुकलं, की कुणी कमी मोजली?

माझ्या घरी पहिलं सोलर बिल आलं तेव्हा अशाच फरकापाशी मी अडलो होतो. दोन दिवस आकडेमोड केली, तक्रार करायचीही तयारी झाली होती. उत्तर मात्र साधं निघालं. ती वीज घरातच वापरली गेली होती.

छतावरून उतरलेली वीज आधी घरात लागते. फ्रिज, पंखे, पाण्याचा पंप, जे चालू असेल ते तिच्यावर चालतं. उरली तर ती बाहेर जाते, कमी पडली तर बाहेरून आत येते. नेट मीटर बसलेलं असतं घराच्या उंबरठ्यावर. उंबरठा ओलांडून किती वीज आत आली आणि किती बाहेर गेली, एवढंच ते मोजतं. आतल्या आत तयार होऊन आतच संपलेल्या विजेची त्याला खबरही नसते.

म्हणून हिशेब असा मांडायचा. तयार झाली ३६०, बाहेर गेली २४०, म्हणजे थेट घरात वापरली १२०. रात्री आणि ढगाळ वेळी बाहेरून घेतली २१०. घराचा महिन्याचा खरा वापर झाला ३३० युनिट. हा ३३० बिलावर छापलेला नसतो. तो आपणच काढायचा, आणि माझ्या मते सगळ्यात आधी काढायचा. पॅनेल बसल्यावर घरातला वापर हळूच वाढतो, आणि बिल कमी आल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

[दृश्य: मीटरचा पडदा जवळून. बोट बटण दाबतं, आकडे एकामागून एक बदलतात.]

आता मीटरजवळ जाऊ. पडद्यावर आकडे आळीपाळीने येत राहतात. बऱ्याच डिजिटल मीटरवर आकड्याच्या कडेला एक बारीक क्रमांक दिसतो. १.८.० दिसला की तो आत आलेल्या विजेचा एकूण आकडा. २.८.० दिसला की बाहेर गेलेल्या विजेचा. दोन्ही आकडे मीटर बसल्या दिवसापासूनचे आहेत आणि ते फक्त वाढतात. आज २.८.० समोर ३१२० आहे आणि मागच्या बिलात चालू रीडिंग २८८० होतं, तर या वेळची निर्यात २४०. बिलावरच्या मागील आणि चालू रीडिंगची वजाबाकी एकदा स्वतः करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

पहिल्या बिलात मात्र घोळ होऊ शकतो. मीटर महिन्याच्या मध्येच बदललेलं असेल, तर काही दिवस जुन्या मीटरचे आणि काही नव्याचे. त्यातच ॲप एक तारखेपासून मोजतं आणि बिलाचा महिना भलत्याच तारखेला सुरू होतो. दोन्ही आकडे एकाच मुदतीचे आहेत ना, हे पाहिल्याशिवाय त्यांची तुलना करू नका.

[दृश्य: जुन्या मीटरमधली ॲल्युमिनियमची चकती.]

जुन्या मीटरमध्ये एक चकती फिरायची. छतावरची वीज बाहेर जाऊ लागली की ती चक्क उलटी फिरायची आणि आकडा मागे यायचा. दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करायची ही रीत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने १९८३ साली कायद्यात आणली. तीच नेट मीटरिंग. आजचं मीटर दोन्ही आकडे वेगवेगळे ठेवतं आणि वजाबाकी बिलात होते. आपल्या उदाहरणात २१० वजा २४०, म्हणजे ३० युनिट आपलीच कंपनीकडे शिल्लक. ती पुढच्या बिलात ओढली जातात. पुढच्या बिलात ही शिल्लक जमा झालेली दिसलीच पाहिजे, तो रकाना आवर्जून बघा. वर्षाचा हिशेब बंद होताना उरलेल्या युनिटांचं काय होतं, तेही आधीच विचारून ठेवा. काही ठिकाणी ती रद्द होतात, काही ठिकाणी त्यांचे थोडे पैसे मिळतात.

मग बिल शून्य का येत नाही? कारण स्थिर आकार. तारा, खांब, रोहित्र यांच्याशी आपण रात्रंदिवस जोडलेले असतो, आणि हा आकार त्या जोडणीचा असतो. एकही युनिट विकत घेतलं नाही तरी तो लागतो. बिल शून्यावर येईल असं सांगून कुणी पॅनेल विकत असेल, तर त्याला हा रकाना दाखवा.

आता खरा कळीचा मुद्दा. सगळीकडे युनिटाला युनिट वजा होत नाही. नेट बिलिंग असेल तिथे आत आलेली २१० युनिट पूर्ण दराने मोजली जातात आणि बाहेर गेलेल्या २४० युनिटांचे पैसे वेगळ्या, बहुतेक वेळा कमी दराने जमा होतात. कॅलिफोर्नियाने २०२३ च्या एप्रिलपासून नव्या ग्राहकांसाठी हीच पद्धत आणली. अशा बिलात निर्यात आयातीपेक्षा जास्त दिसते आणि तरीही विजेचे पैसे भरावे लागतात. बघणाऱ्याला ती चूक वाटते, पण ती चूक नसते. म्हणून बिल वाचताना आधी पद्धत कोणती ते बघायचं, रक्कम नंतर.

या पद्धतीत बाहेर जाणारं युनिट स्वस्तात जातं आणि तेच संध्याकाळी महागात परत घ्यावं लागतं. मग कपडे धुण्याचं यंत्र, पंप, गीझर दुपारी चालवण्याला अर्थ येतो. ॲपमधलं उत्पादन तेवढंच राहतं, निर्यात घटते, आयातही घटते, आणि बिल उतरतं.

ॲपमधला आकडाच पडला, तर मात्र छताकडे बघायचं. उदाहरणातली पॅनेल तीन किलोवॅटची धरली, तर ३६० म्हणजे किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट. चांगल्या उन्हाच्या महिन्यात हे ठीक आहे. धूळ, झाडाची वाढलेली फांदी, पावसाळी आभाळ यांनी तो उतरतो. उन्हाच्या तापानेही उतरतो. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते, आणि त्यापुढे चढलेल्या दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. आणखी एक कारण सहसा कुणाला सुचत नाही. दुपारी लाइट गेली की साधा सोलर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, तेही बंद पडतं, कारण तारांवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या छतावरून शॉक बसता कामा नये. लख्ख ऊन असलं तरी त्या वेळची युनिट तयारच होत नाहीत.

[दृश्य: संध्याकाळ. मीटरच्या पेटीच्या दारावर खिळ्याला अडकवलेली वही. तारीख आणि तीन आकडे: उत्पादन, आयात, निर्यात.]

सूर्य मावळतोय. इन्व्हर्टरवरचा आकडा दोनशे वॅटवर आला, मग चाळीसवर, आणि आता पडदा विझला. मीटरवर २.८.० समोरचा आकडा थांबलाय. घरात दिवे लागलेत, फ्रिज पुन्हा सुरू झालाय. बटण दाबलं. १.८.० समोरचा शेवटचा अंक आत्ताच एकने पुढे सरकला.