शिक्रा, खार आणि शेकरू

नमस्कार श्रोतेहो. परवा जांबोटीला पाव्हण्यांच्या परसात बसलो होतो. फणसावरची खार एकाएकी ओरडायला लागली. चिर्र, चिर्र, आणि दर हाकेला शेपटीचा झटका. घरचे आजोबा सुपारी कातरताना मानही वर न करता म्हणाले, "बघ की गा वर, शिक्रा बसलाय." आंब्याच्या दाट फांदीत खरंच बसला होता. पारव्याएवढा पक्षी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. शिक्रा दबा धरून झडप घालणारा. एकदा दिसला की त्याचा डाव फसला. खारीचा आरडाओरडा भीतीपोटी असेल, पण मला त्यात 'दिसलास रे' असं हिणवणंही ऐकू येतं. पाच मिनिटांत तो निघून गेला. खार मात्र बराच वेळ ओरडत होती.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्यात तिचा थोरला भाऊबंद राहतो, शेकरू. शेपटीसकट तीन फूट लांब, दीड-दोन किलोचा ऐवज. एवढा घास कोण सोडेल? वरून काळा गरुड आणि मोरघार, खालून बिबट्या. त्याचं घरटं बघा: काटक्यापानांचा मोठा गोळा, तोही बारीक फांद्यांच्या टोकाला. बिबट्या झाडावर चढतो, पण तिथवर गेला तर फांदीसकट खाली येईल. बरं, घरटं एकच नसतं, आसपासच्या झाडांवर चार-पाच बांधून ठेवलेली असतात. गरुडाची चाहूल लागली की शेकरू पळत सुटत नाही. फांदीला पोट चिकटवून पडून राहतं. ते तांबडं-तपकिरी अंग सालीत असं मिसळतं की शेपूट लोंबत नसती तर माझ्या तर ध्यानातच आलं नसतं.

त्याची सगळी भिस्त झाडाला झाड लागून असण्यावर. वीस फुटांची उडी ते सहज मारतं. त्याहून मोठी फट पडली, मग ती रस्त्यानं पडो की तोडीनं, की जमिनीवर उतरावं लागतं. आणि खाली उतरलेलं शेकरू गावकुत्र्यालाही सापडतं.

जांबोटीहून निघालो त्या सकाळी परसाच्या गडग्यावर खारीची शेपटी तेवढी पडलेली दिसली. आजोबांनी ती काठीनं बाजूला सारली. "फणसावरची न्हवं," ते म्हणाले, "ती बघ, वर वरडतीया."